रोग होण्यापूर्वी : स्वस्थवृत्त, वनौषधी आणि आपला बैहर परिसर



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालविली जाते, त्यांच्या हाताखाली शिकलेली मंडळी समोर बसलेली असताना शब्द जपून वापरावे लागतात. ‘पर्यायी वैद्यकाच्या साहाय्याने आरोग्यवृद्धी व रोगप्रतिबंध’ हा विषय संयोजकांनी मला दिला, तेव्हा पहिली अडचण आली ती ‘पर्यायी’ या शब्दाचीच. पर्याय म्हणजे कशाला पर्याय? नागपूर-मुंबईच्या माणसाच्या दृष्टीने रुग्णालय हे मूळ आणि वैद्य, हकीम, होमिओपॅथ हे पर्याय. परंतु गढीच्या पलीकडे साल वृक्षांच्या रानात राहणाऱ्या बैगा कुटुंबास विचारले, तर हा क्रम उलटा निघेल. तेथे गुनिया हा मूळ आहे आणि रुग्णालय हा शेवटचा, पुष्कळदा उशिरा सुचलेला पर्याय. व्हेरियर एल्विन यांनी १९३९ साली ‘द बैगा’ हा आपला मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्या जमातीचे नाव गोंडांच्या गावात गावदेवीचा पुजारी व रोगनिवारक या अर्थीही वापरले जाते, हे आपल्यापैकी बहुतेकांना घरच्या अनुभवाने ठाऊक आहे. म्हणजे आपल्या तालुक्यात एक सबंध जमात औषधोपचाराच्या नावाने ओळखली जाते.

सरकारनेही या पद्धतींना निरनिराळी नावे देऊन पाहिली. १९९५ साली केंद्रात भारतीय चिकित्सापद्धती व होमिओपॅथी यांचा स्वतंत्र विभाग निघाला. २००३ साली त्याचे ‘आयुष’ असे नामकरण झाले आणि २०१४ साली त्याचे मंत्रालय झाले. आयुर्वेद, योग व निसर्गोपचार, युनानी, सिद्ध आणि होमिओपॅथी ही एका छत्राखाली आली खरी. पण ही भावंडे एका आईची नाहीत. त्यांची मूळ कल्पना वेगळी, त्यांचा पुरावाही कमी-अधिक बळाचा. त्यांना एकगठ्ठा स्वीकारणे जितके चुकीचे, तितकेच एकगठ्ठा नाकारणेही. माझे शिक्षण आयुर्वेदाचे आणि माझा व्यवसाय याच तालुक्यातला. तेव्हा आज मी जे परखड बोलेन ते घरातल्या माणसाचे बोलणे समजावे.

माझे म्हणणे आरंभीच सांगून टाकतो. आपल्या जुन्या वैद्यकात रोग होऊ नये म्हणून जे सांगितले आहे, ते बहुतांशी बाटलीत नाही. ते ताटात, पाण्यात, झोपेत आणि श्रमात आहे. त्या भागाकडे आपण पाठ फिरविली. उलट ज्या ठिकाणी जुन्या वैद्यकाचे हात तोकडे पडतात, म्हणजे फाल्सिपेरम जातीचा हिवताप, सर्पदंश, सिकलसेल, अशा ठिकाणी मात्र आपण त्याच्या भरवशावर रात्र काढतो. या अदलाबदलीची किंमत आपल्या परिसराने फार मोजली आहे.

प्रथम स्वस्थवृत्त. आयुर्वेदाने आपली दोन कामे सांगितली : निरोग्याचे आरोग्य राखणे आणि रोग्याचा रोग शमविणे. पहिले काम आधी सांगितले आहे. वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदय’ ग्रंथाचे सूत्रस्थान उघडून पाहावे. दुसरा अध्याय दिनचर्येचा, तिसरा ऋतुचर्येचा आणि चौथ्याचे नावच ‘रोगानुत्पादनीय’, म्हणजे रोग उत्पन्न होऊ नयेत यासाठीचा. औषधांची गोष्ट पुढे येते. या चौथ्या अध्यायाचा प्रारंभ कशाने व्हावा? मल, मूत्र, शिंक, तहान, भूक, झोप, अश्रू यांचे नैसर्गिक वेग अडवू नयेत, या अगदी घरगुती उपदेशाने. शाळेत स्वच्छतागृह नसल्यामुळे दिवसभर पाणी न पिणाऱ्या मुलींची जी पिढी आपण पाहिली, तिच्या मूत्रविकारांचे कारण या अध्यायात शोधावे. त्याला परदेशी प्रबंधाची गरज नाही.

व्यायामासंबंधी वाग्भटाचे मत मला विशेष वाटते. बलवान माणसानेही आपल्या शक्तीच्या निम्म्यापर्यंतच व्यायाम करावा आणि तोही थंडीत व वसंतात. इतर ऋतूंत त्याहून कमी. आज व्यायामशाळेत महिनाभरात शरीर कमावू पाहणाऱ्या तरुणांना हे पटणार नाही. पण चाळिशीनंतर एकाएकी धावू लागलेल्या माणसांविषयी वर्तमानपत्रांत जे वाचावयास मिळते, ते पाहता हा जुना ग्रंथकार सावध होता असे म्हणावे लागते.

पावसाळ्याचे प्रकरण तर आपल्या परिसराकरिता लिहिल्यासारखे आहे. वर्षा ऋतूत भूक मंदावते, म्हणून अन्न हलके असावे. जुने धान्य वापरावे. पाणी उकळून प्यावे. नदीचे पाणी टाळावे. दिवसा झोपू नये. नदीचे पाणी टाळा, ही सूचना बंजर नदीला गढूळ पूर आलेला ज्याने पाहिला आहे त्याला समजावून सांगावी लागत नाही. वरच्या गावांची सारी घाण त्या पाण्यातून खाली येते. वाग्भटाला जंतू ठाऊक नव्हते. परंतु कोणत्या महिन्यात कोणते पाणी पोटाला बाधते, हे त्याने व त्याच्या पूर्वसूरींनी पिढ्यान्‌पिढ्या पाहून नोंदविले होते. निरीक्षणाचे असे मोल असते. आणि त्याची मर्यादाही येथेच दिसते. हिवताप डासामुळे पसरतो, हे मात्र या नोंदींतून कोणास उमगले नाही. त्यासाठी १८९७ साली सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांना डासाचे पोट सूक्ष्मदर्शकाखाली फाडून पाहावे लागले.

आता अन्नाकडे वळतो. या बाबतीत शेजारच्या मंडला जिल्ह्यातील एक घटना मी सविस्तर सांगणार आहे, कारण जुने ज्ञान आणि नवे शास्त्र यांची गाठ कशी पडते याचे इतके स्वच्छ उदाहरण आपल्या भागात दुसरे नाही.

मंडल्याच्या तिलईपानी आणि आसपासच्या गावांत मुलांचे गुडघे आत वळू लागले. चालताना गुडघा गुडघ्याला घासे, पोटऱ्या बाहेर फेकल्या जात. दातांवर पिवळे-तपकिरी डाग. गावकऱ्यांना हा दैवी कोप वाटणे स्वाभाविक होते. जबलपूर येथे भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची आदिवासी आरोग्यासाठीची संशोधन संस्था आहे. तिच्या शास्त्रज्ञांनी या गावांचा अभ्यास केला, तेव्हा कारण निघाले पाण्यातले फ्लोराईड. पूर्वी लोक झऱ्याचे, उथळ विहिरीचे पाणी पीत. ते पाणी जंतूंनी भरलेले असे, म्हणून शासनाने सद्‌हेतूने खोल बोअर घेऊन हातपंप बसविले. जंतू गेले, पण खोल खडकांत शेकडो वर्षे मुरलेल्या पाण्यात फ्लोराईड विरघळलेले होते. पिण्याच्या पाण्यात ते लिटरमागे दीड मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावे, अशी मर्यादा आपल्याकडे ठरलेली आहे. ती ओलांडली की दात आणि पुढे हाडे बिघडतात.

एवढ्यावर गोष्ट संपत नाही. फ्लोराईड अनेक गावांच्या पाण्यात असते. परंतु सर्वत्र मुलांची हाडे सारखीच वाकत नाहीत. ज्या मुलांच्या आहारात कॅल्शियम तोकडे, त्यांच्यावर हे विष जोर करते. अन्नात कॅल्शियम पुरेसे असले तर ते आतड्यातच फ्लोराईडला बांधून ठेवते आणि रक्तात कमी जाऊ देते. म्हणून संशोधकांनी पाण्याचा स्रोत बदलण्याबरोबर आहारावर भर दिला आणि कॅल्शियम, लोह व क जीवनसत्त्व मिळावे म्हणून जी भाजी पुढे केली ती कोणती असेल? पहिल्या पावसाबरोबर रस्त्याच्या दुतर्फा, उकिरड्यावर, शाळेच्या कुंपणाशी आपोआप उगवणारा तरोटा! इकडच्या हिंदीत चकौडा, पश्चिम महाराष्ट्रात टाकळा. आदिवासींच्या घरी ही भाजी पिढ्यान्‌पिढ्या शिजते. आपण मध्यमवर्गीयांनी मात्र ती गरिबाची भाजी म्हणून स्वयंपाकघराबाहेर ठेवली. तिच्यात कॅल्शियम विपुल आहे, हे प्रयोगशाळेने सांगितल्यावर ती सन्मान्य झाली. कोवळ्या मुलांमध्ये वेळेवर पाणी बदलले आणि आहार सुधारला, तर विकृती पुष्कळ मागे हटते, असे या कामातून दिसून आले. प्रौढांच्या ताठलेल्या सांध्यांना मात्र असा दिलासा नाही.

या घटनेत खलनायक कोणी नाही. हातपंप नसता तर अतिसाराने मुले गेली असती. तरोटा एकटा पुरला असता असेही नाही, कारण पाणी तेच ठेवून नुसती भाजी खाल्ल्याने फ्लोराईड थांबत नाही. रसायनशास्त्राने रोगाचे कारण सांगितले, रानाने उपायाचा एक भाग दिला आणि नव्या नळाने दुसरा. ‘पर्यायी’ आणि ‘आधुनिक’ अशी भांडणे तिलईपानीच्या मुलांपुढे मांडून पाहावीत.

कोदो-कुटकीची कथा याच जातीची. आपल्या पठारावरील गोंड-बैगांचे हे मुख्य अन्न. त्याची पेज पिऊन ही माणसे दिवसभर रानात राबत आली. ‘पेज’ हा शब्दही त्यांचा आणि आपला एकच, ही गंमत जाता जाता सांगण्यासारखी. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्यांचे वर्ष म्हणून साजरे केले, तेव्हापासून शहरांत कोदोच्या पिशव्या तांदळापेक्षा महाग विकल्या जातात. कोदोत तंतुमय भाग अधिक, पांढऱ्या तांदळापेक्षा त्याची साखर रक्तात सावकाश उतरते. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या माणसाने दोन्ही वेळच्या भाताऐवजी एक वेळ कोदो घेतला तर त्याचे हितच होईल. परंतु जुने ते सारे निर्धोक, असा समज करून घेऊ नये. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये बांधवगडच्या रानात दहा हत्ती मेले. तपासात बुरशी धरलेल्या कोदोतील सायक्लोपियाझोनिक आम्ल हे विष आढळले. दमट हवेत कापणी झालेल्या कोदोची नशा माणसालाही चढते, हे आपल्या शेतकऱ्यांना पूर्वीपासून ठाऊक आहे. धान्य नीट वाळवून, पाखडून ठेवण्याची त्यांची रीत पिशवीवर छापलेली नसते, आणि शहरातल्या ग्राहकाला ती कोणी सांगतही नाही.

योग आणि निसर्गोपचार यांविषयी थोडक्यात बोलतो, कारण त्यांवर आपण सर्वांनी पुष्कळ ऐकले आहे. महात्मा गांधींनी १९४६ साली पुण्याजवळ उरुळीकांचन येथे निसर्गोपचाराचे केंद्र काढले. त्यामागील विचार असा की गरिबाला परवडेल असे औषध माती, पाणी, ऊन आणि मिताहार हेच. त्याआधी १९२४ साली स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन केले आणि आसन-प्राणायामाचे शरीरावर काय परिणाम होतात ते उपकरणांनी मोजण्यास आरंभ केला. ‘योगमीमांसा’ हे त्यांचे नियतकालिक त्याच वर्षी निघाले. योगाला चमत्काराच्या दालनातून प्रयोगशाळेत नेणारा हा महाराष्ट्रातील गृहस्थ आपल्याकडे पुरेसा स्मरला जात नाही, याची मला खंत वाटते. पुढे १९९० साली अमेरिकेत डॉ. डीन ऑर्निश यांनी हृदयविकाराच्या रुग्णांना अत्यल्प चरबीचा शाकाहार, चालणे, योगासारखी शिथिलीकरणाची साधना आणि परस्परांशी मनमोकळा संवाद असा कार्यक्रम देऊन ‘लॅन्सेट’मध्ये आपले निष्कर्ष मांडले. वर्षभरात रक्तवाहिन्यांतील अडथळा किंचित का होईना, मागे सरल्याचे त्यांनी दाखविले. गडचिरोलीच्या डॉ. अभय बंग यांचे ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ हे पुस्तक आपल्यापैकी अनेकांच्या घरी असेल. आहार, श्रम, प्राणायाम आणि मनाची ठेवण बदलून त्यांनी स्वतःच्या हृदयाची कशी देखभाल केली, याची ती हकीकत आहे. ते स्वतः आधुनिक वैद्यकाचे पदवीधर आणि संशोधक आहेत, आणि त्यांनी त्या वैद्यकाचे उपचार टाकून दिले नव्हते, हे वाचकांनी विसरू नये. पुस्तक वाचून गोळ्या बंद करणारे रुग्ण मी पाहिले आहेत.

आता वनौषधी. येथे अपेक्षा फार आणि गोंधळही फार. आपल्या रानात हिरडा, बेहडा, आवळा, अर्जुन, कुडा, बिब्बा, गुळवेल, सर्पगंधा यांची वाण नाही. निदान परवापर्यंत नव्हती. यांतल्या एकाच मुळीची कथा सांगतो.

सर्पगंधा ही मुळी देशभर शतकानुशतके तीन कामांसाठी वापरली गेली : साप चावल्यावर, वेडाचे झटके आल्यावर आणि मूल झोपत नसल्यावर. १९३१ साली कलकत्त्याचे गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी वेड आणि वाढलेला रक्तदाब या दोहोंवर तिचा उपयोग होतो असे लिहिले. त्याच वर्षी दिल्लीच्या तिब्बिया महाविद्यालयात सलीमुझ्झमान सिद्दिकी यांनी तिच्यातून अल्कलॉइडे वेगळी केली. तरी जगाने लक्ष दिले नाही. मग मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबाच्या पन्नास रुग्णांवरील आपले निरीक्षण १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये प्रसिद्ध केले, आणि इंग्लंड-अमेरिकेतील डॉक्टर खडबडून जागे झाले. १९५२ साली सीबा या स्विस कंपनीच्या प्रयोगशाळेत तिच्यातील रेसर्पीन हे द्रव्य अलग झाले. रक्तदाब खरोखर उतरविणाऱ्या पहिल्या औषधांत त्याची गणना होते. १९५७ साली डॉ. वकील यांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला.

या कथेत तीन गोष्टी लक्षात घेण्यासारख्या आहेत. परंपरेने सांगितलेल्या उपयोगांपैकी एक खोटा ठरला. सापाच्या विषावर या मुळीचा काडीइतका उपयोग होत नाही, मग तिचे नाव काहीही असो. दुसरा खरा ठरला. आणि तिसरे असे, की वापर वाढला तेव्हा काही रुग्णांना खोल खिन्नता येऊ लागली. मात्रा कमी करावी लागली आणि पुढे अधिक सुरक्षित औषधे निघाल्यावर रेसर्पीन मागे पडले. ‘झाडपाल्याचे औषध, त्याने अपाय होत नाही’ असे जो म्हणतो त्याने ही शेवटची गोष्ट पुन्हा वाचावी. जे औषध शरीरात काही घडविते ते नको असलेलेही घडवू शकते. दरम्यान मुळ्या उपटून-उपटून आपल्या जंगलातून सर्पगंधा जवळजवळ दिसेनाशी झाली, कारण मुळी काढली की झाड मरते.

हिवतापाची कथाही वनस्पतीचीच. सिंकोनाच्या सालीतून कुनैन निघाले. ब्रिटिश अमदानीत त्याच्या पुड्या पोस्टातून एका पैशाला विकल्या जात. याच सालीपासून, मोठ्या विचित्र रीतीने, होमिओपॅथीही निघाली. १७९० साली जर्मनीच्या हानेमान यांनी ती साल निरोगी अवस्थेत स्वतः घेतली, त्यांना तापासारखी लक्षणे जाणवली, आणि त्यावरून त्यांनी समानाने समानाचे शमन हा सिद्धान्त उभारला. सिद्धान्त राहिला आणि साल मात्र त्यांच्या विरलीकरणात नाहीशी झाली. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य व वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१५ साली उपलब्ध अभ्यासांची छाननी केली. ज्यावर होमिओपॅथी निश्चित गुणकारी ठरते असा विश्वासार्ह पुरावा आहे, असा एकही विकार तिला आढळला नाही. आपल्या गावी होमिओपॅथीचे सज्जन चिकित्सक आहेत आणि त्यांच्याकडे रुग्णाचे ऐकून घेतले जाते, याचे मूल्य मी जाणतो. तरी हिवतापाचा रुग्ण त्यांच्याकडे एक रात्रही थांबू नये.

चीनमध्ये १९६७ साली हिवतापावरील औषध शोधण्यासाठी गुप्त मोहीम सुरू झाली. तू यूयू या संशोधिकेने जुने ग्रंथ चाळले. चौथ्या शतकातील गे होंग या वैद्याच्या पुस्तकात एक वनस्पती थंड पाण्यात भिजवून पिळून तिचा रस प्यावा, असे लिहिले होते. काढा करावयास सांगितले नव्हते. उकळल्याने गुण जातो की काय, अशी शंका तिला आली. तिने कमी उष्णतेवर अर्क काढला आणि १९७० च्या दशकाच्या प्रारंभी आर्टेमिसिनिन हाती आले. २०१५ साली तिला नोबेल पारितोषिक मिळाले. आज आपल्या उपकेंद्रात फाल्सिपेरम हिवतापावर ज्या मिश्र गोळ्या दिल्या जातात, त्यांतला मुख्य घटक याच वनस्पतीपासून आलेला आहे. म्हणजे जो माणूस ‘मला डॉक्टरी औषध नको, जडीबुटी हवी’ असे म्हणतो, त्याला मी सांगतो की आशा कार्यकर्तीच्या पिशवीत आहे तीच जडीबुटी, मोजून, तपासून, मात्रा ठरवून दिलेली.

बालाघाट हा मध्य प्रदेशातील हिवतापग्रस्त जिल्ह्यांपैकी एक. वैनगंगेच्या खोऱ्यातून पोवार शेतकरी १८७० च्या सुमारास कर्नल ब्लूमफील्ड यांच्या प्रोत्साहनाने या पठारावर वसू लागले, तेव्हापासून हा ताप आपला सोबती आहे. फाल्सिपेरमचा ताप दोन-तीन दिवसांत मेंदूपर्यंत जाऊ शकतो. गुळवेलीचा काढा, झाडफूक, बाजारातल्या ‘डॉक्टर’चे सलाईन यांत दोन दिवस गेले की तिसऱ्या दिवशी रुग्ण बेशुद्ध होऊन बालाघाट वा गोंदियाच्या वाटेला लागतो. बोटाच्या थेंबभर रक्ताची तपासणी गावातच, विनामूल्य आणि पाव तासात होते. २०१७ पासून मंडला जिल्ह्यात घरोघर जाऊन तापाचा रुग्ण हुडकणे, तत्काळ तपासणे आणि पूर्ण उपचार देणे, असा उपक्रम झाला व तेथील हिवतापात मोठी घट झाली. त्यात नवे औषध कोणतेच नव्हते. लवकर गाठणे एवढेच होते.

गुळवेलीचे नाव निघाले म्हणून सांगतो. करोनाच्या काळात प्रतिकारशक्तीसाठी घरोघर तिचे काढे उकळले गेले. २०२१ साली मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी सहा रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. तिच्या सेवनानंतर त्यांच्या यकृताला इजा झाली होती. आयुष मंत्रालयाने हे अमान्य केले आणि वनस्पती ओळखण्यात चूक झाली असावी, खऱ्या गुळवेलीऐवजी तिची चुलत बहीण वापरली गेली असावी, असे म्हटले. समजा मंत्रालयाचे म्हणणे खरे. तरी दोन वेली सारख्या दिसतात आणि विकणारा त्यांत भेद करीत नाही, हे ग्राहकाला अधिकच चिंतेचे आहे. २००४ साली बोस्टनच्या दुकानांतील सत्तर आयुर्वेदिक औषधे तपासली, तेव्हा चौदांमध्ये शिसे, पारा वा आर्सेनिक घातक प्रमाणात आढळले होते. वैद्याच्या हातचे शुद्ध औषध आणि यात्रेत मिळणारी बिननावाची पुडी यांत फरक आहे. सांधेदुखी एका रात्रीत थांबविणाऱ्या पुडीत स्टेरॉइड असण्याचा संभव फार. ज्यांची बोटे व चेहरा सुजू लागला आहे त्यांनी हे ध्यानी धरावे.

सिकलसेलविषयी मी वेगळे बोलतो, कारण येथे प्रतिबंधाचा अर्थच निराळा आहे. हा रोग जन्माबरोबर येतो. आई आणि वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भाला तो होण्याची शक्यता चारांत एक. कोणतीही मुळी, कोणतेही आसन रक्तातील हा दोष घालवू शकत नाही. गंमत अशी की वाहकाला हिवतापापासून थोडे संरक्षण मिळते, म्हणूनच हिवतापाच्या प्रदेशात हा दोष टिकून राहिला. १ जुलै २०२३ रोजी आपल्याच राज्यात शहडोल येथे सिकलसेल निर्मूलनाच्या राष्ट्रीय मोहिमेचा प्रारंभ झाला. विवाहापूर्वी दोघांनी रक्त तपासून घेणे, हाच यातला प्रतिबंध. कुंडली पाहणाऱ्या घरांनी सिकलसेलचे कार्डही पाहावे. ज्याला रोग आहे त्याला हायड्रॉक्सीयुरिया हे औषध लागते. आणि त्याच्या जोडीला भरपूर पाणी, थंडीपासून बचाव, अतिश्रम टाळणे, तापाकडे तत्काळ लक्ष ही पथ्ये. हे सारे ऋतुचर्येच्याच भाषेत त्याच्या आईला सांगितले, तर ती ते अधिक चटकन स्वीकारते, असा माझा अनुभव आहे.

शेवटी सर्पदंश. २००० ते २०१९ या काळात भारतात वर्षाला सरासरी ५८,००० माणसे सापाच्या विषाने दगावली, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झाला. झाडफुकीने माणूस वाचल्याचे दाखले गावोगाव सांगितले जातात आणि सांगणारे खोटे बोलत नसतात. बहुतेक साप बिनविषारी असतात, आणि विषारी सापही कित्येकदा विष न सोडताच चावतो. तेव्हा मंत्राला यश मिळते. जेव्हा विष उतरलेले असते तेव्हा मंत्र आणि मुळी यांत गेलेला प्रत्येक तास परत येत नाही. त्यावर प्रतिविषाचे इंजेक्शन हाच उपाय आहे, आणि त्याला दुसरा पर्याय नाही. पट्टा आवळू नये, चिरा देऊ नये, अंग हलू न देता रुग्णालय गाठावे. मण्यार रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दंश दुखत नाही, खूण दिसत नाही. पहाटे पोटात कळ येते, पापण्या मिटू लागतात. अशा रुग्णाला कोणी पोटशूळाचे चूर्ण देऊ नये.

गुनियाला शिव्या देऊन यातले काहीच साधत नाही. मध्यरात्री लोक त्याच्याच दारी जातात, कारण तो जवळ आहे, त्यांची बोली बोलतो आणि पैशाची घाई करीत नाही. आमच्या भागातील काही गुनियांना आम्ही बसवून समजाविले. त्यांचा मान, त्यांची पूजा त्यांनी ठेवावी. परंतु ताप किंवा दंश असेल तर फुंकर घालून लगेच गाडीत बसवावे. दोघा-तिघांनी ते मनावर घेतले. त्यातला एक वृद्ध आता सोबत रुग्णालयापर्यंत येतो आणि बाहेर बसून राहतो. त्यामुळे घरच्यांना धीर येतो आणि सलाईनची सुई काढून पळण्याची वेळ येत नाही.

पावसाळा तोंडावर आहे, म्हणून एक व्यवहाराची गोष्ट सांगून थांबतो. गादीखाली चारी बाजूंनी नीट खोचलेली मच्छरदाणी डासाला अडविते आणि रात्री अंथरुणात शिरणाऱ्या मण्यारीलाही अडविते. औषध भिनविलेल्या मच्छरदाण्या शासनाने आपल्या गावांत वाटल्या आहेत. त्यांतल्या कित्येक मासे धरायला आणि परसातली वांगी झाकायला गेल्या, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. वसतिगृहातील मुलांच्या खाटांवर त्या लागल्या आहेत की नाहीत, हे येथे उपस्थित माजी विद्यार्थ्यांनी आज परतण्यापूर्वी पाहून जावे, अशी विनंती करतो.